मापाचे पारदर्शक झाकण आणि घामाचा हिशेब

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही घरात डोकावा. जागा दहा बाय बारा असली तरी भिंतीवरच्या फळीवर तथागतांची मूर्ती असते, शेजारी बाबासाहेबांचा अर्धपुतळा किंवा तसबीर असते. खाली टी.व्ही., कोपऱ्यात शिलाई मशीन, ओट्यावर मिक्सर. आणि या प्रत्येक वस्तूवर काही ना काही झाकलेले असते. मशीनवर जुन्या साडीचा तुकडा, मिक्सरवर शिवलेला अभ्रा आणि मूर्तीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी. रस्त्याकडेच्या घरात धूळच इतकी, की झाकल्याशिवाय गत्यंतर नाही. पण पिशवी सहा महिन्यांत चुरगळते, पिवळी पडते. जी मूर्ती येता-जाता डोळ्यांसमोर असावी म्हणून आणली, तीच दिसेनाशी होते.

बाजारात पारदर्शक पेट्या मिळतात, पण त्या ठरावीक मापाच्या. आपली फळी आठ इंच खोल, पेटी दहा इंचांची. पुतळा तेरा इंच उंच, पेटी बारा इंचांची. कारखान्याला एकाच मापाचे हजार नग काढले तर परवडते. तुमच्या फळीच्या मापाचा एकच नग तो करून देणार नाही. नेमक्या याच ठिकाणी घरी बसून काम करणाऱ्या माणसाला जागा आहे. पारदर्शक शीट कापून, गरम करून, वाकवून हव्या त्या मापाचे झाकण तयार करणे ही काही जादू नव्हे. मोजमाप नीट घेणारा तरुण किंवा शिवणकामाची सवय असलेली भगिनी हे काम महिना-दोन महिन्यांच्या सरावाने उचलू शकते. शिवणकाम येणाऱ्या बाईला तर सपाट कापडातून अंगाच्या मापाची वस्तू कशी निघते, हे सांगावे लागत नाही.

या लेखात कला थोडी सांगतो आणि हिशेब जास्त. कला शिकलेली माणसे मी पुष्कळ पाहिली. हिशेब न मांडल्यामुळे दोन वर्षांत हत्यारे विकून वॉचमनच्या नोकरीला लागलेलीही पाहिली.

शीट कोणती?

दुकानात सगळेच 'प्लॅस्टिक शीट' म्हणून मिळते. पण त्यात जाती आहेत, आणि जात न ओळखता पैसे टाकले तर माल वाया जातो. झाकणाच्या पेटीसाठी मुख्यतः ॲक्रिलिक वापरतात. हे काचेपेक्षा निम्म्याहून कमी वजनाचे आणि काचेसारखे स्वच्छ. 1930 च्या दशकात जर्मनी व इंग्लंडमध्ये ते बाजारात आले, आणि दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांच्या वैमानिकांपुढची पारदर्शक घुमटी याच शीटला उष्णता देऊन घडवीत. त्या घुमटीचे तुकडे उडून काही वैमानिकांच्या डोळ्यांत रुतले, पण डोळ्यांनी ते सहन केले. हे पाहून हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरांनी 1949 साली लंडनमध्ये मोतीबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात याच पदार्थाचे पहिले भिंग बसविले. आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या डोळ्यांत आज जे भिंग बसते, त्याचा मूळपुरुष म्हणजे हे शीट! असो.

ॲक्रिलिक साधारण 150 ते 170 अंश सेल्सिअसला नीट वाकते. पीईटीजी नावाचे शीट त्याहून कमी उष्णतेवर, 120 ते 150 अंशांत घडते. ते सहसा तडकत नाही. पण ओरखडे लवकर पडतात. पॉलिकार्बोनेट हातोड्याच्या घावालाही दाद देत नाही. मात्र त्याला 180 अंशांच्या वर उष्णता लागते, आणि आधी काही तास सुकविले नाही तर आत बुडबुडे येतात. घरच्या कामाला ते सोयीचे नाही. तिसरी-चौथी जात पीव्हीसीची. ती स्वस्त असते म्हणून नवखा माणूस तिच्याकडे वळतो. पीव्हीसी प्रमाणाबाहेर तापले की त्यातून हायड्रोजन क्लोराइड हा वायू सुटतो. तो डोळे, घसा, छाती जाळतो. एका खोलीच्या घरात, जेथे मुले तेथेच अभ्यास करतात आणि तेथेच झोपतात, हा माल तापवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शीट घेताना दुकानदाराकडून बिलावर जात लिहून घ्यावी. भंगारातले निनावी तुकडे कितीही स्वस्त मिळाले तरी तापवायला घेऊ नयेत.

उरलेल्या तुकड्यांबद्दलही सांगून ठेवतो. आपल्याकडे पाणी तापवायच्या बंबात हाताला येईल ते घालायची सवय आहे. प्लॅस्टिकचे कपटे त्यात घालू नका. वेगळे साठवून भंगारवाल्याला द्या.

कापणे आणि वाकविणे

तीन मिलिमीटर जाडीपर्यंतचे ॲक्रिलिक कापायला करवत लागत नाही. पोलादी पट्टी घट्ट धरून ॲक्रिलिक कटरने एकाच रेषेवर आठ-दहा वेळा चर पाडावा, मग टेबलाच्या कडेवर चर ठेवून झटका द्यावा. शीट सरळ रेषेत मोडते. चर उथळ राहिला तर तुकडा वाकडा जातो. कडा आधी कानशीने, मग पॉलिश पेपरने घासाव्यात. पेपर पाण्यात भिजवून वापरला तर भुकटी उडत नाही. शीटवरचा संरक्षक कागद शेवटपर्यंत काढू नये. फक्त जेथे उष्णता द्यायची त्या पट्ट्यातला तेवढा आधी सोलून घ्यावा.

वाकविण्यासाठी सर्व शीट तापवायचे नसते. जेथे कोपरा हवा, त्या रेषेवरच उष्णता द्यायची. यासाठी पट्टी हीटर मिळतो. त्यात लांब, सरळ तार किंवा नळी तापते आणि शीट तिच्यावर थोडे अधांतरी ठेवतात. काहीजण जुन्या शेगडीची कॉइल ताणून थेट घरच्या विजेला जोडतात. हा जिवाशी खेळ आहे. हीटर जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्यावा, अर्थिंग तपासावे आणि गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवावा. गॅसच्या ज्योतीवर शीट धरू नये. ॲक्रिलिक पेट घेते आणि वितळून जळते थेंब पाडते. स्वयंपाकाच्या ओव्हनमध्येही हे काम करू नये. त्यासाठी जुना ओव्हन घेतला तर तो पुन्हा खाण्याच्या कामी लावू नये.

शीट तयार झाले हे घड्याळावरून कळत नाही. पंख्याचा वारा, विजेचा दाब, शीटची जाडी यांनी वेळ बदलते. खूण अशी, की रेषेच्या पलीकडची बाजू हलके उचलून सोडली तर ती आपल्या वजनाने खाली झुकते. झुकत नसताना जोर केला, तर त्या वेळी काही दिसत नाही. पण पुढे केव्हातरी कोपऱ्यात केसासारख्या भेगा उमटतात आणि गिऱ्हाईक दारात उभे राहते. उलट, रेषेवर बारीक फोड आले तर उष्णता जास्त झाली किंवा शीटने दमट हवेतले पाणी धरले होते. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे फार होते. शीट उघड्यावर न ठेवता प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, उंचावर, सपाट ठेवावे. उभे टेकवून ठेवले तर बाक धरते.

तापलेली बाजू बाहेर ठेवून वाकवावे आणि लाकडी गुण्याला टेकवून गार होईपर्यंत धरून ठेवावे. घाईने पाणी मारू नये. हात सुटला की कोपरा किंचित उघडतो. म्हणून नव्वद अंशांपेक्षा जरासे जास्तच वाकवायचे. किती जास्त, ते दहा-बारा तुकडे वाया गेल्यावर हाताला कळते. हे तुकडे शिकण्याचा खर्च म्हणून आधीच धरावेत.

गोल झाकण आणि पोळीचा न्याय

चौकोनी पेटी वाकवून होते. पण घुमटासारखे किंवा एखाद्या यंत्राच्या आकाराचे झाकण हवे असेल तर साचा लागतो. लाकडाचा किंवा प्लॅस्टर ऑफ पॅरिसचा साचा करून, सगळे शीट मऊ होईपर्यंत तापवून त्यावर ओढतात. हातात जाड सुती मोजे हवेत. दुसरी रीत हवा शोषून घेण्याची. एका खोक्याच्या वरच्या फळीला बारीक भोके पाडतात, त्यावर साचा ठेवतात, खोक्याला घरगुती व्हॅक्यूम क्लिनरची नळी जोडतात आणि चौकटीत आवळलेले तापलेले शीट वर दाबतात. आतली हवा ओढली गेली की शीट साच्याला चिकटून बसते. मिलिमीटरभर जाडीच्या पीईटीजीवर हे घरीही जमते. साच्याच्या बाजू सरळ उभ्या ठेवू नयेत. वर निमुळत्या, तीन ते पाच अंश तिरक्या ठेवाव्यात. शीट गार होताना आकसते आणि साच्याला आवळून धरते. तिरकस नसेल तर साचा फोडूनच बाहेर काढावा लागतो.

यात एक गणित आहे, आणि ते चुकले की गिऱ्हाईक तुटते. पोळी लाटली की पीठ वाढत नाही, पसरते. शीटचेही तसेच. समजा, झाकणाचे तोंड 20 सेंटिमीटर चौरस आणि खोली 10 सेंटिमीटर आहे. चौकटीतल्या शीटचे क्षेत्रफळ 400 चौरस सेंटिमीटर. झाकण झाल्यावर माथा 400 आणि चार बाजू 200-200, म्हणजे एकूण 1,200. तेवढेच प्लॅस्टिक तिप्पट जागेवर पसरले; दोन मिलिमीटरचे शीट सरासरी पाऊण मिलिमीटरच्याही खाली आले, कोपऱ्यात त्याहून पातळ. म्हणून खोल झाकणाची ऑर्डर घेताना वरवरच्या मापावर जाडी ठरवू नये. हे गणित पाचवीच्या मुलाला येते, पण ऑर्डर घेताना कागदावर कोणी मांडत नाही.

जोडकाम : येथे जपा

पेटीची पाठ आणि माथा चिकटवायला सिरिंजने पातळ द्राव सांध्यात सोडतात. दुकानात तो क्लोरोफॉर्म किंवा एमडीसी म्हणून देतात. तो शीटची कड विरघळवून एकजीव करतो. साध्या गोंदाचे काम तेथे नाही. पण हे दोन्ही द्राव घातक आहेत. चक्कर आणतात, यकृताला बाधतात, आणि सततच्या वापराने कर्करोगाचा धोका सांगितला जातो. तोंडाला बांधलेला रुमाल भुकटी थोडीफार अडवतो. ही वाफ अडवत नाही.

यातली सर्वांत महत्त्वाची बाब घरात कोणी लक्षात घेत नाही. ही वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता खाली जमिनीलगत साचते, आणि आपल्या घरात लहान मूल जमिनीवरच झोपलेले असते. म्हणून जोडकाम घरात नको. गॅलरीत, गच्चीवर, अंगणात करा, मुलांना व गरोदर बाईला लांब ठेवा. ते हीटर, शेगडी किंवा पेटत्या विडीजवळ तर कधीच नको. या वाफेला ज्वाला किंवा लालबुंद तार भेटली तर फॉस्जीन तयार होऊ शकतो. पहिल्या महायुद्धात सैनिक मारायला वापरलेला तोच हा विषारी वायू. वाकविण्याचे काम सकाळी आणि जोडण्याचे संध्याकाळी उघड्यावर, अशी वाटणी केली तर दोन्ही निभते. बाटलीवर मोठ्या अक्षरांत नाव लिहा आणि ती पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका.

आता हिशेब

समजा, अर्धपुतळ्यासाठी पेटी हवी आहे. रुंदी 10 इंच, खोली 8 इंच, उंची 15 इंच, तळ उघडा. समोरची आणि दोन्ही बाजूंची मिळून एक पट्टी 26 बाय 15 इंचांची, दोन ठिकाणी वाकवायची. पाठ 10 बाय 15, माथा 10 बाय 8. एकूण 620 चौरस इंच. आठ बाय चार फुटांच्या शीटमध्ये 4,608 चौरस इंच असतात. भागाकार केला की सात पेट्या निघतात, आणि येथेच फसगत होते. कागदावर पट्ट्या मांडून पाहा. कापण्या-घासण्याची घट धरली तर सातव्या पेटीचे तीनही भाग बसत नाहीत. पेट्या सहाच निघतात आणि 30 बाय 18 इंचांचा एक तुकडा उरतो. ज्याने सातने भागून भाव सांगितला, त्याने पहिल्याच दिवशी एका पेटीचा माल स्वतःच्या खिशातून घातला. उरलेला तुकडा जपून ठेवा, पेन-स्टँड किंवा लहान तसबिरीचे झाकण त्यातून होईल. पण त्याचे पैसे आधी धरू नका.

आकडे आपल्या गावच्या भावाप्रमाणे घाला. मी समजण्यापुरते धरतो. तीन मिलिमीटरचे शीट करासह 3,000 रुपयांना पडले. सहाने भागले की पेटीमागे 500. द्राव, पॉलिश पेपर, कटरचे पाते मिळून 40. वीज 10. दहात एक नग बिघडतो असे धरून 50. झाले 600. आता वेळ. कापणे 40 मिनिटे, कडा घासणे 45, वाकविणे 20, जोडणे 30, पुसून बांधणे 15 — अडीच तास. माप घ्यायला आणि पेटी पोहोचवायला जाण्या-येण्याचा एक तास. साडेतीन तासांना ताशी 80 रुपये दराने 280. एकूण 880. हत्यारांची झीज आणि धंद्याचा नफा म्हणून 120 धरले, तर भाव 1,000 रुपये झाला.

आपला माणूस मात्र काय करतो? "माल पाचशेचा, तुम्ही घरचेच, साडेसहाशे द्या." त्यातून माल, द्राव, वीज आणि बिघाड वजा जाता उरतात 50 रुपये. साडेतीन तासांचे पन्नास, म्हणजे तासाला चौदा रुपये! आणि तो समजतो, आपल्याला दीडशे सुटले.

बायकांच्या बाबतीत तर याहून वाईट. "घरीच तर बसलेली असते, वेळ जातो" असे म्हणून तिच्या कामाचे तास हिशेबातच धरत नाहीत. वेळ जात नसतो. तो कोणाला तरी फुकट दिला जात असतो. भिंतीला एक वही अडकवा. काम सुरू केल्याची आणि थांबविल्याची वेळ तिच्यात लिहा. महिनाभर लिहिले की भाव सांगताना तोंडातून शब्द आपोआप ठाम निघतो.

नगावर काम देणारे व्यापारीही येतील. ते शीट देतात, साचा देतात, नगामागे ठरीव दर देतात. सुरुवातीला बरे वाटते, कारण भांडवल लागत नाही. पण आमच्या ओळखीच्या एका बाईंनी असे वर्षभर काम केले. बिघडलेल्या नगाचे पैसे मजुरीतून कापले जात, आणि दर वाढवून मागितला त्या आठवड्यात साचा परत नेला गेला. ज्याचा साचा, त्याचा धंदा. म्हणून नगाचे काम घ्यायचे तर बिघाड किती नगांपर्यंत व्यापाऱ्याचा आणि त्यापुढे कोणाचा, हे पहिल्याच दिवशी कागदावर लिहून सही घ्यावी; आणि त्याच्या कामातून पैसे वाचवून स्वतःचा निदान एक साचा, एक हीटर करून घ्यावा. मापाच्या पेटीला साचा लागत नाही, हा या कामाचा आणखी एक फायदा.

कायदा, शिक्षण, भांडवल

प्लॅस्टिकबंदीमुळे हा धंदा चालेल का, असे काहीजण विचारतात. महाराष्ट्रात 23 मार्च 2018 च्या अधिसूचनेने पिशव्या आणि एकदा वापरून फेकायच्या वस्तूंवर बंदी आली. केंद्राने 1 जुलै 2022 पासून एकवार वापराच्या काही वस्तू बंद केल्या; त्यांत मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे गुंडाळायची पातळ फिल्मही आहे. तेव्हा मिठाईच्या खोक्यांना फिल्म गुंडाळून द्यायचे काम कोणी आणले तर घेऊ नका. वर्षानुवर्षे टिकणारी ॲक्रिलिकची पेटी ही त्या यादीतली वस्तू नाही.

पुढे शिकायचे असेल तर सिपेट ही केंद्र सरकारची संस्था आहे. ती 1968 मध्ये चेन्नईला सुरू झाली आणि तिचे एक केंद्र आपल्या छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावीनंतर ज्या मुलाचे लक्ष पुस्तकापेक्षा यंत्रात जास्त असते, त्याच्यासाठी तेथे चौकशी करावी. भांडवलासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ 1978 पासून अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी काम करते. अनुदान आणि बीजभांडवलाच्या योजनांची माहिती जिल्हा कार्यालयातच जाऊन घ्यावी. तेथे जाताना जातीचा व उत्पन्नाचा दाखला आणि हत्यारांचे कोटेशन बरोबर ठेवावे, म्हणजे एक फेरी वाचते. उद्यम नोंदणीला सरकार पैसे घेत नाही. कोणी मागितले तर देऊ नका.

पेटी दिल्यानंतर

आपल्या घरी मूर्तीपुढे मेणबत्ती आणि उदबत्ती लावतात. ॲक्रिलिक शंभर अंशांच्या आसपास मऊ पडू लागते आणि ज्योत लागली तर पेटते. म्हणून पेटी देतानाच सांगावे, की मेणबत्ती पेटीच्या आत कधीही ठेवू नये. बाहेर, वेगळ्या ताटलीत, हातभर अंतरावर ठेवावी, आणि बुद्धपौर्णिमेला किंवा 14 एप्रिलला गर्दीत पोरे आजूबाजूला असतील तेव्हा अधिक लक्ष द्यावे. आत दिवा हवा असेल तर एलईडीचाच, जुना तारेचा बल्ब नको. पाठीमागे खालच्या बाजूला बोटभर फट ठेवली तर प्लॅस्टरच्या मूर्तीतला दमटपणा बाहेर पडतो आणि पेटी आतून धुरकट होत नाही.

पुसायला साबणाचे पाणी आणि मऊ सुती फडके एवढेच. काच पुसायचा फवारा, स्पिरिट, थिनर लावले की कडांना आणि कोपऱ्यांना जाळीदार भेगा पडतात आणि दोष करणाऱ्यावर येतो. कोरड्या फडक्यानेही घासू नये. शीटवर वीज साचते आणि उडालेली धूळ पुन्हा येऊन बसते. हे सारे चार ओळींत लिहून बिलाच्या मागे द्यावे. दोन-तीन वर्षांनी बारीक ओरखडे दिसू लागले तर पितळ घासायची मलमासारखी पॉलिश मऊ कापडावर घेऊन गोल गोल चोळावी. बरेचसे निघतात. गिऱ्हाइकाला ते जमत नसेल तर पेटी घेऊन यायला सांगा, आणि त्या अर्ध्या तासाचेही पैसे घ्या.